टाचेवरचा बिबा

गोदाबाई: गाठोडं सोडू नोको व वच्छले. चांगलं बांधून ठेवलं मीनं थे.

वच्छला: सोडत नाई आत्याबाई, नुसतं पाहून राह्यली. नर्सबाईनं सांगतलं होतं का लेकराले गुंडाळाले जुन्या लुगड्याचे फडके आनजा, पान्यात उकळून, कडक उन्हात वाळवून. थे घेतले काय?

गोदाबाई: तळाशी हायेत. उकळले बाप्पा. जलमभर वांगे शिजवले, आता लुगडे शिजवून राह्यली. येताजाता बाया इचारत होत्या, गोदाबाई, आज कायची भाजी म्हून.

वच्छला: अन् हे डबी?

गोदाबाई: काजळ.

वच्छला: लेकराच्या डोळ्यात काजळ घालू नोका म्हनलं होतं तिनं. डोळे चिकटतात.

गोदाबाई: तुह्या नवऱ्याच्या डोळ्यात मीनं बोट बोट काजळ घातलं. आज सहदेवले आपल्या मळ्यातून बडनेऱ्याच्या टेसनाचा सिंगल दिसते. अन् तुही थे नर्स? चष्म्याबिगर तिले सुई ओवता येत नाई म्हने.

वच्छला: म्हने कोन? तुमी त तिले पाह्यलं बी नाई. दवाखान्यात दाखवाले मी अन् हे, दोघंच गेलो होतो.

गोदाबाई: पाहीन ना आता. चालली ना तुह्या संग अमरावतीले.

वच्छला: थेच त माह्या मनात येऊन राह्यलं. गेल्या बजारापावतर तुमी म्हनत होत्या, दवाखान्यात जाशीन त माह्या मढ्यावरून जाशीन. तुमच्या लेकानं हात जोडले, तरी नाई आयकलं. अन् आज दमनी सांगून ठेवली, गाठोडं बांधलं, फडके उकळले. इतक्या सुद्या कशा झाल्या तुमी?

गोदाबाई: वाकडं वागली तरी तू बोलशीन, सुदी वागली तरी बोलशीन. सासू कसी पाह्यजे तुले, एक डाव सांगून टाक.

वच्छला: जशी हाये तशीच पाह्यजे. मनात एक अन् तोंडात एक नोको.

गोदाबाई: माह्या मनातलं मंग आयकून घे. पयलं पिवळं दूध पिळून फेकून देजो. थे नर्स काई बी म्हनो.

वच्छला: थे म्हनते का थेच पयले पाजा.

गोदाबाई: नासकं असते थे.

वच्छला: आपली कपिली व्याली तवा वासराले पयले चीकच पाजला ना आपून? तुमीच त वासरू वढून थानाले लावलं.

गोदाबाई: थे ढोर हाये.

वच्छला: म्हून त जगलं.

गोदाबाई: बोल, बोल. मनात होतं थे बोलली शेवटी.

वच्छला: तसं नाई म्हनलं मी.

गोदाबाई: म्हनलं त म्हनलं. दोन लेकरं तुहेच नाई गेले, माहे बी नातू होते. या मांडीवर गेले दोन्ही. तुले वाटते का बुढीले काई वाटत नाई, बुढी आपली मेथीच्या जुड्या बांधत बसते. हात चालू ठेवा लागते व बाई, नाईत मानूस येडं होते.

वच्छला: चुकलं माहं. पन आत्याबाई, हा बिबा कायले घेतला?

गोदाबाई: कोनता बिबा?

वच्छला: हा. चिंधीत बांधलेला. अन् त्याच्यासंग सुई.

गोदाबाई: तुह्या लाडवाले. बायंतिनीची कंबर धरते, बिबा पोटात गेला पाह्यजे.

वच्छला: लाडवाले एकच बिबा?

गोदाबाई: एक एक करून आनीन.

वच्छला: अन् सुई?

गोदाबाई: फडके फाटले त शिवाले.

वच्छला: दोरा त नाई कोठीच.

गोदाबाई: तू सून हाये का फौजदार?

वच्छला: माह्या गळ्याची आन हाये तुमाले. काय चाललं तुमच्या मनात?

गोदाबाई: आता आन घातली त आयक. पार्बताबाई नाई काय, फुलवाली? थे फुलं घेऊन अकोल्याले जाते. तिनं आयकलं का तठी जुन्या शहरात, मोर्णेच्या पलीकडे, एका शेटच्या सुनेले दवाखान्यात पोरगी झाली. अन् बाजूच्या खाटेवर कास्तकाराच्या बाईले पोरगा. रात सरली, उजाडलं, त पोरगा शेटच्या घरी अन् पोरगी वावरात. आयानं बदलून टाकले.

वच्छला: पार्बताबाईनं पाह्यलं काय थे?

गोदाबाई: आयकलं म्हनतो ना.

वच्छला: कोनापासून?

गोदाबाई: जिनं आयकलं होतं तिच्यापासून.

वच्छला: अन् तेवढ्यावर तुमी रातभर जागल्या?

गोदाबाई: दुधानं तोंड पोळलं का मानूस ताक बी फुकून पेते. तठी सारे लेकरं एकाच रंगाच्या फडक्यात गुंडाळतात म्हने. घरी बायंतीन झाली त एकच खोली, एकच लेकरू, बदलाचा सवालच नाई. तठी कोनाचं कोन, कसं ओळखावं? सरकार नागपूरचं, डाक्टरीन मडम इलायतेची, नर्स पुन्याकडची. आपलं कोन हाये तठी?

वच्छला: तठी लेकरू बदलते म्हनता. इथी त लेकरू राह्यतच नाई, आत्याबाई.

गोदाबाई: ऊठ. दमनीचे बैल जुपले. पोट सांभाळून बस, रस्त्याले खड्डे हायेत. अन् थो बिबा अठी दे माह्याजोळ.

(अमरावती. बायकांच्या दवाखान्यातली लांब खोली, सकाळची वेळ. वच्छला खाटेवर, कुशीत लेकरू. गोदाबाई पायथ्याशी.)

गोदाबाई: हळू बोल. लेकराचा डावा पाय दाखव मले.

वच्छला: आत्ताच डोळा लागला तिचा. काहून?

गोदाबाई: दाखव म्हनतो ना. टाच दाखव. नाई. दुसरा पाय काहाड. याच्यावर बी नाई. मले वाटलंच होतं.

वच्छला: काय नाई? धड हायेत दोन्ही पाय. बोटं मोजली मी.

गोदाबाई: बोटं मोजून काय होते? हे पोरगी आपली नाई, वच्छले.

वच्छला: काय बोलून राह्यल्या तुमी?

गोदाबाई: आपल्याले पोरगा झाला. मीनं पाह्यला. काल दिवेलागनीले आया लेकरू घेऊन भायेर आली, बाकावर ठेवलं अन् गरम पानी आनाले वळली. मीनं इचारलं, माह्या सुनेचं ना व? थे म्हने, हो हो, सरका. मीनं फडकं उचलून पाह्यलं. पोरगा. मंग बिबा काहाडला. कंदिलावर शेकून तयारच ठेवला होता. सुईच्या टोकावर त्याचं तेल घेतलं अन् डाव्या टाचेले टेकवलं. मोहरीएवढी निशानी केली, जास्त नाई.

वच्छला: आत्ताच जलमल्या लेकराले बिबा लावला तुमी?

गोदाबाई: धुतला त जात नाई थो. परीट कपड्याले लावते तसा. म्हनलं, हे लोक लेकरू बदलतीन, पन टाच कशी बदलतीन? अन् आता पाह्य. त्या खाटेवर शालू हाये ना, बडनेऱ्याच्या रेल्वेवाल्याची बायको? तिच्याजोळच्या पोराच्या डाव्या टाचेले फोड आला. सकाळी मडम भिंग लावून पाहून राह्यली होती. हातच्या काकनाले आरसा कायले पाह्यजे?

वच्छला: पन नर्सबाई म्हनली का शालूले पोरगा झाला, अन् तुमाले पोरगी.

गोदाबाई: नर्सबाई म्हनली! तू पाह्यलं काय? तुही शुद्ध होती काय?

वच्छला: शेवटाले अंधारी आली होती डोळ्यापुढं. रडन्याचा आवाज आला. मंग डोळे उघडले तवा हे कुशीत होती, पुसून, गुंडाळून.

गोदाबाई: म्हंजे जलमली तवा नाई पाह्यलं तू.

वच्छला: नाई.

गोदाबाई: मंग मीनं काय सांगतलं? कालच सहदेवले सांगावा धाडला मीनं, टांगेवाल्यासंग. पोरगा झाला म्हून. त्यानं आख्ख्या वाडीत साखर वाटली असंन आतालोक.

वच्छला: असं बोलू नोका.

नर्सबाई: वच्छलाबाई, बाळानं घेतलं का अंगावर? थोडं थोडं पाजत राहा. आणि नाळेला काही लावायचं नाही, राख नाही, हळद नाही. कोरडी राहू दे, आपोआप पडते. आजी, तुम्ही इथं कशा? भेटायची वेळ अजून झालेली नाही.

गोदाबाई: वेळेचं मंग पाहू. मले तुमाले एक इचाराचं हाये.

नर्सबाई: मलाही तुम्हाला विचारायचंय, आणि माझं आधी. शालूबाईंच्या मुलाच्या टाचेला फोड आला आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, कशानं तरी पोळलंय. आया रडून सांगते आहे की तिनं काही केलं नाही, पण आज तिला कामावरून काढणार आहेत. काल संध्याकाळी व्हरांड्यात तुमच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

गोदाबाई: मीनंच केलं थे. बिबा लावला.

नर्सबाई: बिबा? त्या एवढ्याशा जिवाला? काय म्हणून?

गोदाबाई: निशानी केली. काहून का थो पोरगा आमचा हाये. तुमी त्याले त्या खाटेवर नेऊन ठेवलं अन् हे पोरगी आमच्या पदरात टाकली.

नर्सबाई: आजी, शब्द जपून वापरा. दोन्ही बाळं माझ्या हातांवर जन्मली आहेत. त्याच खोलीत शालूबाई आधी मोकळ्या झाल्या. वच्छलाबाई त्यांच्यानंतर, दिवे लागून बराच वेळ झाल्यावर.

गोदाबाई: तुमी त असंच म्हनसान. चोर कधी म्हनते काय का मी चोर हाये?

नर्सबाई: इतकी वर्षं बायका सोडवते आहे, मला असं कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या शब्दाला किंमत नाही ना? यांना विचारा.

गोदाबाई: इचारतोच. वच्छले, तू फकस्त इतकंच म्हन का पोरगा माहा. निशानी मी दाखवतो, पंच मी बसवतो. सहदेव पुरी वाडी घेऊन येईन. कोनाची हिंमत हाये पाहू नाई म्हनाची.

नर्सबाई: सांगा वच्छलाबाई. तुम्ही जे म्हणाल ते मी डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालीन.

वच्छला: आत्याबाई, मले एक सांगा. तुमी त दाराभायेर होत्या. तुमाले कसं समजलं का मी मोकळी झाली?

गोदाबाई: कसं म्हंजे? दाराले कान लावूनच बसली होती मी. तू वरडली ना.

वच्छला: मी वरडली?

गोदाबाई: केवढ्यानं वरडली. माय वं, मेली वं, म्हून. माह्या अंगावर काटा आला. त्याच्या मांगंच लेकरू रडलं अन् आया भायेर आली.

वच्छला: मी नाई वरडली.

गोदाबाई: त्या वक्ती कोनाले भान राह्यते?

वच्छला: मले होतं. नर्सबाई, माह्या तोंडात काय होतं, सांगा यायले.

नर्सबाई: पदर. दातांत इतका घट्ट धरलेला की मी ओढला तरी सुटेना. मी म्हटलं, अहो ओरडा, इथं कोणी नावं ठेवत नाही, ओरडल्यानं उलट जोर येतो. पण नाही. मोकळ्या होईपर्यंत यांच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. शालूबाईंनी मात्र सगळा दवाखाना डोक्यावर घेतला होता.

वच्छला: पयल्या खेपेस थो पदर तुमी कोंबला होता, आत्याबाई. म्हनल्या, आपल्या घरच्या बाईचा आवाज मळ्याच्या कुंपनाभायेर जात नसते. भाजी घ्याले लोक येतात, काय म्हनतीन? दुसऱ्या खेपेस मीनं माह्या हातानं कोंबला. अन् काल बी. तुमी दाराआड बसल्या हे मालूम होतं मले.

गोदाबाई: मले माह्या सासूनं तसंच सांगतलं होतं. सहदेवच्या वक्ती मीनं खाटेची नवार चावली होती.

वच्छला: चावली असंन. पन माहा आवाज तुमाले मालूमच नाई. कोनीबी वरडलं असतं त तुमाले मीच वाटली असती.

गोदाबाई: म्हंजे थो पोरगा...

वच्छला: थो शालूचा. थे वरडली अन् थो झाला. मी त्याच्या मांगून मोकळी झाली, मुकाट्यानं. तुमी तवा कोठी होत्या?

गोदाबाई: टांगेवाला पाहाले गेली होती. सांगावा धाडाले.

वच्छला: म्हंजे हे झाली तवा दाराआड बी कोनी नोतं.

गोदाबाई: सहदेवनं साखर वाटली, वच्छले.

वच्छला: वाटली त वाटली. साखर काय परत मांगाची हाये? अन् खरं सांगू, आत्ता तुमी बोलल्या तवा मीनं बी त्या खाटेकडे पाह्यलं. घडीभर वाटलं, असंन बी. लाज वाटून राह्यली मले त्याची. दोन गेले तवा मीनं देवाजोळ पोरगा नोता मांगतला. जितं लेकरू मांगतलं होतं. हे जिती हाये, आत्याबाई. काल रातपासून चारदा प्याली. हे माही हाये, अन् आता पुन्हा कोनी इचारू नोका मले.

नर्सबाई: आजी, बसा. चेहरा उतरलाय तुमचा. पाणी देऊ?

गोदाबाई: पानी नोको. आयाले काहाडू नोका तेवढं. तिचा काई कसूर नाई, थे घाईत होती. मी सांगतो मडमले, जे झालं थे. मडमले मराठी समजते काय?

नर्सबाई: माझी समजते. तुमची समजेल का, शंका आहे. चला, मी बरोबर येते.

गोदाबाई: अन् त्या पोराच्या टाचेले खोबरं उगाळून लावा. बिब्याची आग खोबऱ्यानंच निंगते.

नर्सबाई: काय लावायचं ते डॉक्टरीणबाई ठरवतील. तुम्ही त्याला हात लावायचा नाही.

गोदाबाई: नाई लावत. शालूजोळ जातो नुसती. थे शिव्या देईन, देऊ दे. तिच्या ठिकानी मी असती त बुढीच्या झिंज्या उपटल्या असत्या.

नर्सबाई: तो बिबा आणि ती सुई आधी माझ्या हातात द्या. गाठोड्यात अजून काय काय आहे?

वच्छला: काजळाची डबी हाये, नर्सबाई. थे बी घ्या.

गोदाबाई: घ्या बाप्पा, सारं गाठोडंच घ्या. फकस्त फडके ठेवा. थे चांगले उकळून आनले मीनं.

नर्सबाई: बघा, बोलण्याच्या आवाजानं उठलं बाळ.

वच्छला: गप व माय, गप. आख्खी खोली उठवशीन.

गोदाबाई: तिच्या तोंडावरचा पदर काहाड, वच्छले.

वच्छला: साऱ्या बाया पाहून राह्यल्या, आत्याबाई.

गोदाबाई: पाहू दे. गप नोको करू तिले. आयकू दे मले.